जुन्या सोसायटीच्या खिडक्या बदलताना परवानगी कोणत्या कामाला लागते?

प्रश्न असा आहे: मुंबईतील १९७२ साली बांधलेली तळमजला अधिक चार मजल्यांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. मूळच्या लोखंडी खिडक्या गंजल्या आहेत आणि पावसाळ्यात पाणी आत येते. काही सभासदांनी परस्पर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या आहेत, एकाने हॉलची खिडकी खाली जमिनीपर्यंत कापून फ्रेंच विंडो केली आहे, आणि उरलेल्यांच्या खिडक्या आता सोसायटी एकत्रित बदलू पाहते आहे. महापालिकेची परवानगी लागते का, नियम काय सांगतात आणि आधी झालेल्या कामांचे काय करायचे, असे कार्यकारिणीने विचारले आहे.

या प्रश्नावरची चर्चा बहुतेक वेळा साहित्यापासून सुरू होते. ॲल्युमिनियम घ्यावे की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक), काच पाच मिलिमीटरची की सहाची, असे विचारले जाते. कायद्याला त्यात फारसा रस नाही. त्याचा पहिला प्रश्न भिंतीतील मोकळ्या गाळ्याबद्दल, म्हणजे खिडकीसाठी भिंतीत सोडलेल्या जागेबद्दल असतो: गाळ्याची रुंदी, उंची किंवा जागा बदलते आहे का, आणि ती बदलताना भिंतीचा, तुळईचा किंवा खांबाचा एखादा भाग काढला जातो आहे का? गाळा आहे तसा राहिला तर काम दुरुस्तीच्या जवळ जाते आणि गाळा बदलला तर ते फेरबदल ठरते. पुढची सगळी कार्यपद्धती या एका फरकावर अवलंबून आहे.

बृहन्मुंबईपुरते बोलायचे तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३४२ अस्तित्वात असलेल्या इमारतीत वाढ, फेरबदल किंवा दुरुस्ती करण्यापूर्वी आयुक्तांना नोटीस देण्याबाबत आहे. किरकोळ, म्हणजे राहण्यायोग्य स्थितीसाठी आवश्यक असलेल्या दुरुस्त्यांना त्यातून सूट दिलेली आहे. गिलावा, रंग, फरशी, नळ आणि ड्रेनेजचे पाइप, गच्चीचे वॉटरप्रूफिंग ही त्यातली ओळखीची कामे. मात्र इमारतीच्या उभ्या-आडव्या मापांत बदल करणे, भारवाही, म्हणजे वरचे वजन पेलणाऱ्या, भिंतीचे संरचनात्मक घटक काढणे किंवा बदलणे, जोते अथवा जमिनीची पातळी खाली नेणे या गोष्टी त्या सवलतीत येत नाहीत. दुसरीकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ४३ सांगते की ज्या देखभालीच्या किंवा सुधारणेच्या कामाचा परिणाम फक्त इमारतीच्या आतल्या भागावर होतो, किंवा ज्याने इमारतीच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नाही, त्याला विकास परवानगी लागत नाही. त्याच गाळ्यात, त्याच मापाची, बाहेरून साधारण तशीच दिसणारी नवी खिडकी बसवणे या दोन्ही तरतुदींच्या भावनेत बसते. गाळा रुंद करणे, छज्जा कापणे, खिडकीचे दार करणे किंवा बाल्कनीच्या कठड्यावर खिडकी बसवून ती बाल्कनी खोलीत ओढणे ही कामे तिच्यात बसत नाहीत.

तरीही माझा सल्ला असा की मापे जशीच्या तशी ठेवूनही सोसायटी सगळ्या इमारतीच्या खिडक्या एकत्र बदलत असेल, तर विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याला कामाचे स्वरूप, नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा संरचना अभियंत्याचे पत्र आणि छायाचित्रे जोडून लेखी कळवावे व त्याची पोच घ्यावी. या पत्राला परवानगी म्हणता येणार नाही. पण परांची बांधल्यावर शेजाऱ्याची तक्रार गेली आणि काम थांबवण्याची नोटीस आली, तर ती पोच दाखवून खुलासा करणे फार सोपे जाते.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगतो की राज्यातील इतर बहुतेक महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे आणि महापालिका क्षेत्रात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २५४ फेरबदलाच्या नोटिशीबाबत बोलते. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी, २०१८ मध्ये मंजूर झालेली, डीसीपीआर २०३४ या नावाची आहे. कलमांचे क्रमांक बदलतात, कसोटी तीच राहते.

कामाची सुरुवात मंजूर नकाशापासून करावी. पालिकेने मंजूर केलेल्या नकाशात प्रत्येक खिडकी डब्ल्यू, डब्ल्यू-१, झरोका व्ही अशा खुणांनी दाखवलेली असते आणि सोबतच्या तक्त्यात तिचे माप लिहिलेले असते. सोसायटीच्या कपाटात हा नकाशा नसेल, आणि पन्नास वर्षांच्या सोसायटीत तो बहुधा नसतोच, तर पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडून प्रमाणित प्रत मागवावी. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. ही प्रत महत्त्वाची अशासाठी की आज भिंतीत दिसणारा गाळा मूळचाच आहे असे गृहीत धरता येत नाही. एखाद्या सभासदाने १९८५ साली खिडकी वाढवलेली असते, नंतर घर विकले जाते, आणि नवा मालक त्या वाढीव मापालाच मूळ माप समजून त्याच मापाची नवी खिडकी मागतो. तशी ती बसवली की जुने अनधिकृत काम सोसायटीच्या खर्चाने आणि सोसायटीच्या ठरावाने पुन्हा केल्यासारखे होते.

आता उजेड आणि हवा यांच्या नियमांकडे वळतो, कारण खिडकी बदलताना सर्वाधिक नुकसान इथे होते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे राहत्या खोलीच्या खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ, दारे वगळून पण चौकटी धरून, उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश हवे. उष्ण-कोरड्या हवामानात ते एक दशांश चालते. मुंबईच्या नियमावलीतही एक षष्ठांश हेच प्रमाण आहे. स्वयंपाकघराला किमान १ चौरस मीटरची आणि न्हाणीघर व संडासाला किमान ०.३ चौरस मीटरची, थेट मोकळ्या जागेत उघडणारी खिडकी किंवा झरोका लागतो.

समजा तुमची खोली ३ मीटर बाय ३.६ मीटर आहे. तिचे क्षेत्रफळ १०.८ चौरस मीटर आणि त्याचा सहावा भाग १.८ चौरस मीटर. १९७०च्या दशकातील नकाशांत अशा खोलीला दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकी दाखवलेली आढळते, म्हणजे बरोबर १.८ चौरस मीटर. वास्तुविशारदाने नियम काटेकोर पाळला होता, पण वर काहीही शिल्लक ठेवले नव्हते. आता कंत्राटदार येतो आणि सांगतो की जुनी लोखंडी चौकट काढायला नको, भिंत फुटेल, तिच्या आतच नवी ॲल्युमिनियमची चौकट बसवू. चारही बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर गेले की गाळा १.४ बाय १.१ मीटर, म्हणजे १.५४ चौरस मीटर उरतो. चौदा टक्के जागा गेली आणि जी गंजणारी चौकट काढण्यासाठी हे सगळे मांडले होते, ती भिंतीत कायमची गाडली गेली. गंजताना लोखंड फुगते, त्यामुळे आत गाडलेली चौकट काही वर्षांत गिलावा आणि नवी चौकट दोन्ही ढकलू लागते. चौकटीत चौकट या पद्धतीला मी मान्यता देत नाही आणि निविदेत ती स्पष्ट शब्दांत नाकारावी असे सुचवतो.

दुसरी घट सरकत्या खिडकीची. जुनी बिजागरीवरची लोखंडी खिडकी उघडली की जवळजवळ सगळा गाळा मोकळा होतो. दोन ट्रॅकची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धाच गाळा मोकळा होतो. वरच्या उदाहरणात १.८ चौरस मीटरच्या खिडकीतून प्रत्यक्ष हवा येण्याची जागा ०.९ चौरस मीटर राहते. तीन ट्रॅकची खिडकी घेतली की दोन तृतीयांश उघडते असे विक्रेते सांगतात. ते तिन्ही ट्रॅकवर काचेच्या झडपा असतील तेव्हाच खरे असते. आपल्याकडे तिसऱ्या ट्रॅकवर मच्छरजाळी असते, त्यामुळे हिशेब पुन्हा अर्ध्यावर येतो, आणि जाळी हवेचा वेग आणखी कमी करते ते वेगळेच. जुन्या नियमांत गाळ्याचे माप मोजतात, उघडणारा भाग मोजत नाहीत, म्हणून कागदावर सरकती खिडकी नियमबाह्य ठरत नाही. नव्या निवासी इमारतींसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली काढलेल्या इको निवास संहितेत मात्र प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्रफळच धरले आहे. उष्ण-दमट हवामानासाठी ते खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के हवे, आणि हिशेबात बिजागरीची खिडकी ९० टक्के, दोन झडपांची सरकती खिडकी ५० टक्के उघडते असे मानले आहे. तुमच्या १९७२च्या इमारतीवर ही संहिता बंधनकारक नाही. पण खिडकी निवडताना हाच हिशेब करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शक्य असेल तिथे बाहेर उघडणारी बिजागरीची खिडकी घ्यावी. बाहेरच्या ग्रिलमुळे ती उघडता येत नसेल तर ग्रिल आतल्या बाजूने, उघडझाप करता येईल असे बसवण्याचा विचार करावा.

न्हाणीघराच्या झरोक्याबद्दल मी नेहमी कठोरपणे बोलतो. जुन्या झरोक्यात काचेच्या आडव्या पट्ट्या असतात. त्या बंद करता आल्या तरी फटी राहतात आणि त्या फटींतून हवा जात राहते. नूतनीकरणात त्या काढून एकसंध काच बसवली जाते, कारण ती दिसायला स्वच्छ असते आणि पावसाचे पाणी आत येत नाही. त्याच न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर जळण्यासाठी लागणारा प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध पडून दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या याच कारणाने. न्हाणीघराच्या झरोक्यात कायम उघडा राहणारा भाग हवाच, आणि गॅस गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर हलवणे अधिक योग्य. स्वयंपाकघराच्या खिडकीलाही हेच लागू आहे. पाइपचा गॅस घेतलेल्या घरात हवा खेळण्यासाठी ठेवलेला झरोका नव्या खिडकीखाली बुजवू नये.

संरचनेचा भाग आता. तुमची इमारत १९७२ची म्हणजे बहुधा आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्याची आहे. त्यात खिडकीखालची भिंत ही सहसा भरणीची, म्हणजे भार न घेता नुसती जागा भरणारी असते. तरीही गृहीत धरू नका. त्या काळातल्या चार मजली इमारतींत बाहेरच्या जाड विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकवलेल्या मिश्र रचनाही आढळतात. खिडकीच्या बाजूची भिंत २३० मिलिमीटर किंवा त्याहून जाड आहे आणि कोपऱ्यात खांब दिसत नाही, असे असेल तर संरचना अभियंत्याने पाहिल्याशिवाय एक वीटही काढू नये. भारवाही भिंतीत दोन गाळ्यांमधला विटांचा पट्टा वरच्या सगळ्या मजल्यांचे वजन खाली नेत असतो. गाळा एका बाजूने तीस सेंटीमीटर वाढवला तरी तो पट्टा धोकादायकरीत्या अरुंद होऊ शकतो.

गिरगाव, काळबादेवी, भायखळा भागातील त्याहून जुन्या, चुन्यात बांधलेल्या आणि लाकडी तुळयांच्या इमारतींत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथे खिडकीवर सपाट कमान असते आणि वर्षानुवर्षे ती थोडी खचून लाकडी चौकटीवर टेकलेली असते. चौकट मुळात भार घेण्यासाठी नव्हती, पण आज ती घेते आहे. ती काढण्यापूर्वी आतून-बाहेरून टेकू द्यावे लागतात आणि कमानीच्या जागी नवा लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, टाकल्यावरच टेकू काढावे लागतात. अशा इमारती बहुधा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या असतात. सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या, शहर भागातील या भाड्याच्या इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीचा विषय म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असतो, म्हणून मंडळाला विचारल्याविना तिथे हात घालू नये. भाडेकरूला हवेसाठी आवश्यक अशी नवी खिडकी भिंतीत उघडता येते का, हा प्रश्नही तिथे येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे हे जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. मात्र जरूर तिथे पालिकेची परवानगी घेऊन हवेसाठी आवश्यक खिडकी उघडणे हे अशा बांधकामात मोडत नाही, असा खुलासा त्यातच केलेला आहे.

तुमच्या इमारतीकडे परत येतो. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबईच्या अधिनियमातील कलम ३५३-ब प्रमाणे करावी लागते, आणि आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, तीस वर्षांवरील इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण दर तीन वर्षांनी व्हायला हवे. ते झाले नसेल तर खिडक्यांआधी ते करा. अहवालात इमारतीला सी-१ म्हणजे राहण्यास अतिधोकादायक वर्ग मिळाला तर खिडक्यांवरचा खर्च वायाच जाईल. सी-२ वर्गात मोठी दुरुस्ती येते, आणि तीत छज्जे, लिंटेल आणि बाहेरचे खांब उघडले जातात. खिडक्या आधी बसवल्या तर त्या दुरुस्तीच्या वेळी निम्म्या तरी पुन्हा काढाव्या लागतात. म्हणून क्रम असा ठेवावा: तपासणी, मग छज्जे आणि लिंटेल यांची दुरुस्ती, मग खिडक्या, आणि शेवटी बाहेरचा गिलावा व रंग. परांची एकदाच बांधली जाते, ही बचतही लहान नाही.

जुनी चौकट काढताना पहार घालून ती उपटणे सर्रास चालते. लोखंडी चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे तिला पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या, भिंतीत आणि काही ठिकाणी थेट काँक्रीटमध्ये गेलेले असतात. ते उपटले की लिंटेलच्या खालचा आधीच सैल झालेला गिलावा आणि काँक्रीटचे आवरण निघते व सळया उघड्या पडतात. चौकट मध्यभागी ग्राइंडरने कापून तुकड्यांनी आतल्या बाजूस काढावी, आणि होल्डफास्ट भिंतीच्या पृष्ठभागाशी कापून त्यांच्या टोकांना गंजरोधक लावावे. त्या काळातील लोखंडी खिडक्यांना शिशाचा प्राइमर लावलेला असण्याची शक्यता असते. म्हणून जुना रंग कोरडाच घासू नये, आणि लहान मुले असलेल्या घरात त्या दिवशी खोली बंद ठेवावी.

आता नवी खिडकी किती मजबूत हवी, याबद्दल. भारतीय मानक ८७५, भाग ३ च्या २०१५ च्या आवृत्तीत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर दिला आहे. कोणतेही गुणक न लावता ४४ मीटरच्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन, म्हणजे अंदाजे ११८ किलो वजनाइतका होतो. पाऊण मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच अशा एका झडपेवर शंभर किलोच्या वर जोर येतो. उंची, परिसराची मोकळीक आणि इमारतीचा कोपरा यांनी हा आकडा कमी-जास्त होतो आणि समुद्रासमोरच्या कोपऱ्यावरच्या खिडकीला बाहेर ओढणारा जोर अधिक बसतो. कंत्राटदाराकडून या दाबासाठी सेक्शनची (चौकटीच्या पट्टीची) जाडी आणि काचेची जाडी यांचा लेखी हिशेब मागावा. शेजारच्या बिल्डिंगमध्ये हाच सेक्शन लावला आहे, हे उत्तर पुरेसे नाही. किनाऱ्याजवळ ॲनोडायझिंगचा किंवा पावडर कोटिंगचा थर किती मायक्रॉनचा आहे, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का, हेही निविदेत लिहावे. ॲल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू घातले की खाऱ्या हवेत सांध्यापाशी आधी गंज धरतो, आणि खिडकी चांगली असूनही बिजागरी निखळते.

काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो असते. पाच मिलिमीटरची काच १२.५ किलो, आणि आवाज कमी करण्यासाठी घेतलेली पाच-पाच मिलिमीटरची दुहेरी काच २५ किलो. बिजागऱ्या आणि चाके त्या वजनाची आहेत का ते पाहावे. इमारतींतील काचेच्या वापराबाबत भारतीय मानक १६२३१ चे चार भाग आहेत, त्यातला चौथा भाग माणूस काचेवर आदळल्यास होणाऱ्या इजेबाबत आहे. काच जमिनीपर्यंत किंवा गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली येत असेल तिथे साधी काच चालत नाही, सुरक्षा काचच हवी. वरच्या मजल्यावर मी टफन्डपेक्षा लॅमिनेटेड काच पसंत करतो, कारण टफन्ड काच फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन गाळा रिकामा होतो, तर लॅमिनेटेड काच तडकूनही मधल्या पापुद्र्याला चिकटून जागेवर राहते.

पाणी येण्याची तक्रार तुम्ही सर्वांत आधी मांडली होती, तिचे उत्तर खिडकीपेक्षा भिंत आणि चौकट यांच्या सांध्यात असते. चौकट आणि भिंत यांत पाच ते आठ मिलिमीटरची सारखी फट ठेवून, आत फोमची दोरी घालून बाहेरून हवामानरोधक न्यूट्रल सिलिकॉन भरावे. नुसता फवाऱ्याचा फोम पाणी अडवत नाही, तो फक्त पोकळी भरतो. खिडकीखालच्या ग्रॅनाइट किंवा कडप्प्याच्या पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार हवा. तिची कड भिंतीच्या थोडी पुढे यावी आणि कडेखाली पाणी तोडणारी खाच असावी, नाहीतर पाणी पट्टीच्या खालून परत भिंतीत शिरते. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्याची भोके असतात. रंगारी ती हमखास बुजवतात. सगळ्या खिडक्यांची ऑर्डर देण्यापूर्वी पश्चिमेच्या बाजूची एक खिडकी नमुना म्हणून बसवून तिच्यावर पाइपने पाणी मारून पाहावे, आणि तो नमुना मंजूर झाल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नयेत.

ग्रिल आणि छज्जा यांचा विषय थोडक्यात संपवतो, कारण त्यावर दुमत असण्याचे कारण नाही. राष्ट्रीय संहितेप्रमाणे छज्जा मोकळ्या जागेत ०.७५ मीटरपर्यंत पुढे येऊ शकतो. तो पाऊस आणि ऊन अडवण्यासाठी आहे. त्यावर पेटीसारखे ग्रिल उभारून कुंड्या, जुने सामान आणि एसीचे बाहेरचे युनिट ठेवले की ज्या पातळ स्लॅबने जेमतेम स्वतःचे वजन पेलायचे होते तिच्यावर काहीशे किलो येतात, आणि पन्नास वर्षांच्या गंजलेल्या सळयांना ते झेपत नाही. आगीच्या वेळी पूर्ण बंद ग्रिलमागे अडकलेल्या माणसाला शिडीवरून बाहेर काढता येत नाही. प्रत्येक घराच्या किमान एका ग्रिलला आतून किल्लीशिवाय उघडणारा, माणूस बाहेर पडू शकेल एवढा भाग ठेवावा. लहान मुलांसाठी गजांमधील अंतर दहा सेंटीमीटरहून अधिक असू नये. जिन्याच्या खिडक्या काचेने कायमच्या बंद करू नयेत, धूर बाहेर जाण्याची ती एकमेव वाट असते.

इमारत वारसा यादीत किंवा वारसा परिसरात असेल तर वरील सगळी सूट बाजूला ठेवावी लागते. मुंबईच्या वारसा नियमांत दुरुस्ती, रंगकाम आणि वैशिष्ट्यपूर्ण घटक बदलणे यांनाही आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि वारसा संवर्धन समितीचे मत घेतले जाते. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातील आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. त्या इमारतींचे रूप ज्या आडव्या पट्ट्यांवर आणि सलग खिडक्यांवर उभे आहे, तिथे एका सभासदाने पांढऱ्या जाड चौकटीची खिडकी बसवली तरी संपूर्ण दर्शनी भाग बिघडतो. तिथे जुन्या लोखंडी सेक्शनची दुरुस्ती किंवा तशाच बारीक सेक्शनची नवी खिडकी हाच मार्ग असतो, आणि तो स्वस्त नसतो.

सोसायटीच्या पातळीवर सभासदाला सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्यावी लागते, असे आदर्श उपविधी सांगतात. अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील इमारतींत कलम ८ प्रमाणे इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला बाधा आणणारे काम इतर मालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. खर्चाबाबत वाद होतात, म्हणून सर्वसाधारण सभेच्या ठरावात दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: खिडकीची चौकट, काच आणि बसवणी यांचा खर्च सभासदाचा, आणि छज्जा, लिंटेल, बाहेरचा गिलावा, परांची यांचा खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून. त्याच ठरावाला खिडकीचा एक नमुना नकाशा, सेक्शन, रंग आणि ग्रिलची जागा जोडावी. पुढच्या दहा वर्षांत कोणी एकट्याने खिडकी बदलली तरी त्याला तोच नकाशा लागू राहील.

आधी झालेल्या कामांबाबत, मूळ गाळ्यातच सरकत्या खिडक्या बसवणाऱ्या सभासदांना काढायला लावण्याचे कारण मला दिसत नाही. त्यांचे सांधे तपासावेत, आणि जुनी चौकट आत गाडलेली असेल तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ती काढण्याची अट घालून लेखी नोंद ठेवावी. फ्रेंच विंडोचा विषय वेगळा आहे. तिथे खिडकीखालची भिंत काढली गेली आहे, म्हणून प्रथम संरचना अभियंत्याने ती भिंत भरणीची होती की भारवाही, आणि काढताना लगतच्या खांबाला किंवा खालच्या तुळईला इजा झाली का, याचा लेखी अहवाल द्यावा. भारवाही असेल तर भिंत अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे पूर्ववत करणे हाच उपाय आहे. भरणीची असेल तर तो सभासद नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली ते काम कायम ठेवण्यासाठी अर्ज करू शकतो. अनधिकृत काम हटवण्याची कलम ५३ ची नोटीस आल्यावरही तसा अर्ज करता येतो, पण नोटीस येण्याआधी केलेला अर्ज अधिक सोयीचा. अर्जाचा निकाल काहीही लागो, त्या उघड्या गाळ्याला आजच्या आज जमिनीपासून किमान १ मीटर उंचीचा, भिंतीत पक्का बसवलेला कठडा लावून घ्यावा, आणि सोसायटीने तो सभासदाकडून लेखी पत्र देऊन करून घ्यावा.